घोडीपुढं चालणाऱ्या आक्का

मला मुलगी द्यायची की नाही हे ठरवायला माझ्या सासूबाईंनी मला चालवून पाहिलं. काळेवाडीत त्यांच्या घरामागे एक मोकळं पटांगण होतं. पूर्वी तिथे वर्कशॉप होतं. शेड गेली, कोबा तेवढा राहिला. पोहे झाले, चहा झाला. चाकणच्या कंपनीतली माझी नोकरी, तिथलं कँटीन, घराजवळ येणारी बस यांचं माझ्या वडिलांनी असं काही वर्णन केलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, कंपनी मीच काढली आणि मालकाला दया येऊन ठेवून घेतलं. सासूबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "झालं असंल तर उठा जरा. त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जा, वळा, आन परत या."

वडिलांना वाटलं, मुलगा पिऊन आलाय का ते बघतायत. आईला वाटलं, यांच्यात अशी रीतच असेल, म्हणून तिने मला डोळ्यांनीच दटावलं. मी उठलो. माणूस जन्मभर चालतो, पण कुणी पायांकडे टक लावून बसलं की आधी कुठला पाय टाकायचा हेच आठवत नाही. गेलो, वळलो, आलो. "आता दुसऱ्या अंगानं वळा," असा हुकूम झाला. पुन्हा गेलो. सासूबाई उकिडव्या बसून माझ्या गुडघ्यांच्या उंचीवरून बघत होत्या आणि दारामागे वैशाली, म्हणजे माझी होणारी बायको, ओढणी तोंडात कोंबून हसत होती. शेवटी निकाल लागला. "उजवा खांदा पाडून चालतात. पण ती खोड ब्यागेची हाय, हाडाची न्हाई. चालंल." पगार त्यांनी मला तेव्हा विचारला नाही आणि पुढे शेवटपर्यंत विचारला नाही.

सगळी काळेवाडी त्यांना आक्का म्हणायची, लग्नानंतर मीही म्हणू लागलो. वरातीत नवरदेवाला घोडी पुरवण्याचा त्यांचा धंदा. मुळात तो सासऱ्यांचा. सासरे गेले तेव्हा लोकांनी धरूनच ठेवलं, की आता मैना विकली जाणार. मैना म्हणजे त्यांची पांढरी घोडी, अंगाने अशी भरलेली की अरुंद गल्लीत शिरली तर समोरच्या रिक्षा आपणहून मागे जायच्या. पण पुढच्या सुपारीला आक्का स्वतःच लगाम धरून उभ्या राहिल्या. विधवा बाई नवरदेवाच्या पुढे चालणार, यावर मुलाकडच्या कुणी वडीलधाऱ्याने नाक मुरडलं. आक्का म्हणाल्या, "नवरदेवाला माझ्या न्हाई, घोडीच्या पाठीवर बसायचंय. बसवा." बसवलं. मग मंगलाष्टका असोत की त्रिशरण-पंचशील, आक्कांची घोडी दोन्हीकडे सारख्याच तोऱ्यात जाऊ लागली.

पुढे चालताना पायात कोल्हापुरी चप्पल, तीही मुद्दाम करकरणारी. ती करकर निगडीच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जायची असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल जावई वाढवून सांगतोय. बरं, काळेवाडी फाट्यापर्यंत. त्या करकरीवर मैनेचा कान असायचा. आजूबाजूला फटाके फुटोत, डीजेच्या भिंती थरथरोत, मैना त्या दोन चपलांच्या मागे शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी चालायची.

गल्लीत कोण शिरलं हे आक्का पाठमोऱ्या बसून सांगायच्या. "पेपरवाला आज भांडून आलाय, टाचा आपटतोय." "शेजारच्या सूनबाईला माहेरी जायचंय, पाय उचलून चालतीय." निगडीची बस लांबून नुसती वळताना पाहून त्यांनी एकदा तिच्या मागच्या डाव्या टायरबद्दल शंका व्यक्त केली होती, आणि ती बस पुढच्या स्टॉपवर बसली, अगदी घोडा बसतो तशी. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मी इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच आहे.

त्या चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा दारातच थांबवून सांगितलं, की तुमच्या डाव्या गुडघ्यात पाणी झालंय, दाखवून घ्या. तो बिचारा घाबरून गुडघ्याचा एक्स-रे काढून आला. गुडघा ठणठणीत, बुटात खडा निघाला. पुढच्या महिन्यात त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर आक्का त्यालाच म्हणाल्या, "खडा आत गेला कसा? पाय उचलून टाकत न्हाई म्हणूनच ना?" तो माणूस तेव्हापासून आमच्या गल्लीत कवायतीसारखा चालायचा.

ही नजर त्यांना माहेराहून आली होती. माहेर मारुंजीचं. त्यांच्या वडिलांकडे बैलगाड्याच्या शर्यतीची घोडी होती. आपल्याकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल उधळतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. आता मागून चार बैल सुटलेले असताना पुढच्या घोडीचा पाय अडला तर स्वाराचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून शर्यतीच्या आधी वडील घोडी सपाट जमिनीवर चालवायचे आणि लहानग्या आक्कांना बांधावर बसवून विचारायचे, काय दिसतं? आक्का म्हणायच्या, "आमच्या घरात चुकीचं उत्तर दिलं तर बाप मरायचा. म्हून आमी नीट बघायचो." ते रान आता राहिलेलं नाही. एकदा त्यांना मारुंजीला घेऊन गेलो, तर इमारतींकडे मान वर करून बघत म्हणाल्या, "जिथं आमची घोडी चरायची, तिथं आता पोरं ल्यापटॉप घेऊन चरत्यात."

मला शिकवायचं त्यांच्या मनात का आलं, कोण जाणे. वैशालीला घोड्यांचा वास सोसत नव्हता, आक्कांना दुसरं मूल नव्हतं, आणि मी कंपनीत तपासणीच्या लाइनवर उभा राहून पार्ट पास-नापास करायचो, त्यामुळे नजर तयार असेल असा त्यांचा गैरसमज असावा. साप्ताहिक सुट्टीला मी पटांगणात हजर. पहिल्या दिवशी त्यांनी मैना नुसती उभी केली आणि विचारलं, "काय दिसतं?" मी चौफेर फिरून, कंपनीत म्हणतो तशा आवाजात सांगितलं, "चारही पाय ओके." आक्का म्हणाल्या, "चार हायत ह्ये मला सैपाकघरातनं पण दिसतं."

मग शिकवणं सुरू झालं. आधी उभी बघायची, हात लावायचा नाही. मागचा पाय सैल सोडून उभी असेल तर तो आराम आहे, माणूस खांबाला टेकतो तसा. पण पुढचा एक पाय लांब टाकून त्याच्यावर भार देत नसेल तर तिथे काहीतरी दुखतंय. मग कोब्यावर चालवायची, कारण मऊ मातीत सगळ्याच घोड्या चांगल्या. दोरी ढिली सोडायची. विकणारा दोरी आखूड धरून डोकं गच्च ठेवतो, कारण खरं काय ते डोकंच सांगतं. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, धड पाय टेकला की खाली येतं. आणि शेवटी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. चार ठोके सारखे पडले पाहिजेत. माझे डोळे मिटले की मला सेकंड शिफ्टची झोप लागायची, हा भाग वेगळा. मैना माझ्या कानाशी फुरफुरून मला उठवायची.

मग मी चांदणी आणली. एका जत्रेच्या घोडेबाजारात आम्ही दुसरी घोडी बघायला गेलो होतो. आक्कांना माहेरच्या ओळखीची कुणी बाई भेटली, त्या चहाला बसल्या. मी हिंडता हिंडता एका घोळक्यापाशी पोहोचलो. मध्ये काळीभोर घोडी, शेजारी ताशा-ढोलकीवाले, आणि घोडी ठेक्यावर अशी मान डोलवत होती, की मोठमोठ्या गवयांनी मान खाली घालावी. एक ठोका चुकत नव्हता. लोक टाळ्या पिटत होते. मला वाटलं, ही नुसती घोडी नाही, ही कलावंत आहे. हिच्या नावाने लोक लग्नाच्या तारखा पुढे ढकलतील. आक्का चहा संपवून येईपर्यंत सौदा झाला होता.

टेंपोतून चांदणी पटांगणात उतरली. अर्धी काळेवाडी बघायला जमली. मी दोरी ढिली सोडून तिला टाकीकडे चालवलं. ती मान डोलवू लागली. पोरं ओरडली, बघा, नाचतीय. मीही खूश. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात यायला लागलं, की इथे ढोलकी नाही, ताशा नाही, कुणी शिट्टीसुद्धा वाजवत नाहीये. आक्का उकिडव्या बसून तिच्या पुढच्या पायांकडे बघत होत्या. पदराने तोंड पुसलं आणि मग म्हणाल्या, "जावईबापू, घोडी बँडावर नाचत न्हवती. बँड घोडीवर वाजत हुता."

उजव्या पुढच्या खुरात जुनी जखम चिघळलेली होती. तिच्या लंगडण्याचा ठेका धरून वाजवणारा तो ढोलकीवाला माझ्या मते पुढे दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर गेला असणार. मला वाटलं होतं, आक्का घोडी परत पाठवतील आणि बहुधा मलाही. त्यांनी नालबंदाला बोलावून खूर कोरून घेतला, रोज मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून धरला, काळं मलम भरलं, आणि चांदणी बरी झाली. बरी झाली ती इतकी, की नंतर तिची मान बँकेच्या वॉचमनसारखी ताठ राहिली. ठेक्यावर डोलणं तर सोडाच, वाजंत्री सुरू झाली की ती जांभई द्यायची. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून एक वाक्य रूढ झालं. कुणी नवा फ्लॅट बघून आलं, कुणी मोबाइल घेतला, कुणाला स्थळ सांगून आलं, की आक्का म्हणायच्या, "आधी बँड बंद करा, मग बघा."

मलम भरताना एकदा मी विचारलं, एवढं दुखत असून चांदणी बाजारात दिवसभर उभी कशी राहिली, ओरडली कशी नाही. आक्का म्हणाल्या, घोडं दुखणं दाखवत नाही. जे मागे राहतं त्याला कळप सोडून जातो, हे त्याच्या रक्तात आहे. आणि मग, जणू दुसराच विषय काढल्यासारख्या म्हणाल्या, "माझापण एक नेम हाय. पुढं चालणाऱ्याचा पाय अडला की घोडी इकायची. अडलेल्या माणसामागं जनावर चालवायचं न्हाई. माझ्या बापाचा नेम, मीपण तोच पाळनार." मी ते मनावर घेतलं नाही. आक्कांचा पाय अडेल तो दिवस आधी पुणे-मुंबई रस्ता अडल्याशिवाय येणार नाही, अशी माझी खात्री होती.

त्या हिवाळ्यातली थेरगावकडे निघालेली एक वरात. दिवेलागणीची वेळ. पुढे आक्का दोरी धरून, मी बाजूला रिकिबीपाशी, नवरदेव घसरू नये म्हणून. नवरदेव असा भरभक्कम, की मैनेने चढवून घेताना मागे वळून माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं होतं. पोपटराव बँडमास्तर पूर्ण रंगात, मामेमंडळी धुळीत लोळण्याच्या बेतात. आणि माझ्या लक्षात आलं, की मैना डाव्या पावलाला अडतेय. दर वेळी, तेच पाऊल, किंचित आखूड. मला चांदणी आठवली. वाटलं, खिळा लागला. वरात तशीच रेटली तर घोडी जन्माची जायबंदी होईल. पोपटरावांना हाका मारल्या, त्यांना आपल्या क्लॅरोनेटशिवाय काही ऐकू येईना. शेवटी मी धावत जाऊन ढोलवाल्याचं टिपरू हवेतच धरलं.

भर वरातीत बँड थांबला. नवरदेवाचा मामा एक पाय वर, तसाच राहिला. मी ओरडलो, "आक्का, थांबू नका, चालवा!" आणि डोळे मिटले.

डांबरावर मैनेचे चार ठोके पडत होते. स्वच्छ, सारखे, नाण्यासारखे वाजणारे. फक्त डाव्या पावलाआधी ती जरा थांबत होती, वाट बघितल्यासारखी. आणि तिच्या पुढे कोल्हापुरीचा आवाज येत होता. उजवीची करकर, आणि डावीची फरफट. करकर, फरफट. मी डोळे उघडले. आक्कांचा डावा पाय टेकताना चवडा जमिनीला लागत नव्हता आणि उजवा पडला की डोकं खाली येत होतं. मैना लंगडत नव्हती. ती पुढच्या माणसाच्या पावलात पाऊल मिळवत होती. किती दिवस मिळवत होती, देव जाणे. आम्ही सगळे बँड ऐकत होतो.

आक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला काय दिसलं हे त्यांना दिसलं. "झाली खात्री?" त्या म्हणाल्या. "घोडी ठीक हाय. वाजवा म्हणावं, लोक खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फर्स्ट शिफ्ट बुडवली आणि पटांगणात गेलो. आक्का मैनेला खरारा करत होत्या. मी म्हणालो, "आक्का, जरा त्या टाकीपर्यंत जाऊन या."

"जावई सासूला चालवतो व्हय?"

"सासूनं जावयाला चालवलं होतं."

त्या निघाल्या, पण कशा. झपाझपा, मोठमोठ्याने बोलत. वैशालीला हाक काय, नालबंदाला शिव्या काय, मध्येच ओवी काय. मी म्हणालो, "आक्का, आधी बँड बंद." त्या गप्प झाल्या. मग हळू चालल्या. टाकीपर्यंत गेल्या, डाव्या अंगाने वळताना त्यांनी टाकीला हात लावला, आणि परत आल्याच नाहीत. तिथल्याच कट्ट्यावर बसल्या.

"डावा पाय," मी म्हणालो. "ही खोड नाही."

"तुमाला दिसलं," त्या म्हणाल्या. आवाजात मला शिकवल्याचं समाधान होतं आणि शिकवल्याचा पश्चात्तापही होता. "आता इका घोड्या. मीच बोलून ठिवलंय."

मी बापजन्मात कधी इतक्या कमी शब्दांत बोललो नव्हतो. म्हणालो, "नेम पुढं चालणाऱ्याचा आहे. पुढं मी चालतो. तुम्ही बघा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, खालपासून वर, गुडघ्यांच्या उंचीवरून, त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तशाच. "तुमी खांदा पाडून चालता."

"ब्याग काढून ठेवीन."

मग त्यांनी चप्पल काढू दिली. नालेचा जुना खिळा चपलेतून आत गेलेला, कधी गेला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शुगरने तळपाय बधिर झाला होता. पुढे जखम दिसली तेव्हा त्यांनी घरातच उपचार सुरू केले होते. मिठाचं कोमट पाणी, आणि वर चांदणीचं काळं मलम. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, हे काय लावलंय, तर आक्का म्हणाल्या, "घोडी बरी झाली ह्यानं." डॉक्टर वैशालीकडे बघायला लागले. वैशाली माझ्याकडे. मी भिंतीकडे. दोन बोटं गेली, पाय राहिला. अजून थोडं थांबलो असतो तर पायही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि हे वाक्य मी कधीही वाढवून सांगितलेलं नाही.

मी पुढे चालू लागलो. कंपनीतल्या मित्रांनी मला राव, भावा करून पुष्कळ छळलं. एकाने मोबाइलवर मैनेच्या खिंकाळण्याची रिंगटोन लावली. आक्का पटांगणात खुर्ची टाकून बसायच्या. वरातीहून आलो की मला आणि मैनेला एकामागून एक टाकीपर्यंत पाठवायच्या, डोळे मिटून ऐकायच्या आणि शेरा द्यायच्या. मैनेला नेहमी चांगला. माझा खांदा मात्र त्यांनी शेवटपर्यंत पास केला नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्या झोपेतच गेल्या. वैशाली म्हणाली, आईने जातानासुद्धा कुणाला आपली चाल बघू दिली नाही.

आता मैना म्हातारी झाली आहे, वर्षातून मोजक्याच सुपाऱ्या घेतो. मध्यंतरी एका वरातीत पागोटेवाले एक पाहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, घोडी डावीत अडतेय, बघून घ्या. मी घरी येऊन कोब्यावर सगळं केलं. उभी पाहिली, दोरी ढिली सोडून चालवली, दोन्ही अंगांनी वळवली. खूर गार, चाल सरळ, चार ठोके सारखे. पटांगणात काही नाही. वरातीत बँड वाजायला लागला, की मात्र ती डावं पाऊल टाकण्याआधी जरा थांबते, पुढच्या कुणाचं तरी पाऊल आधी पडू दे म्हणून. नालबंदाने खूर तपासून सांगितलं, खोड आहे. मी म्हणालो, हो, हाडाची नाही.

पोपटरावांना हे मी एकदाच सांगितलं. तेव्हापासून त्यांचा ढोलवाला टिपरू वर धरून मैनेच्या डाव्या पावलाकडे बघत राहतो, आणि ते टेकलं की मगच ठोका टाकतो. लोक म्हणतात, वा, काय घोडी आहे, बँडावर चालते.